मानणे, करणे, पाळणे

लग्नाची बोलणी चाललेली असतात. मुलीकडची एखादी मावशी पोह्यांची बशी खाली ठेवत हळूच विचारते, "तुमच्याकडे देवाचं कितपत असतं?" समोरून उत्तर येते, "फार नाही हो. गणपती दीड दिवसाचा, नवरात्रात घट. बाकी कोणी काही पाळत नाही." मावशी निश्चिंत होते. देव आहे की नाही, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीही काढत नाही. मावशीला कळून घ्यायचे असते ते एवढेच, की पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक करावा लागेल का, उपवास किती, पाळीत बाजूला बसवतात का आणि रविवारी मासे चालतात का.

या विषयातली मराठी क्रियापदे नीट पाहावीत. देव 'मानतात', देवाचे 'करतात', सोवळे 'पाळतात'. यांतले 'मानणे' मोठे लबाड आहे. मत आणि मान हे दोन्ही त्याच्या पोटात आहेत. "मी देव मानत नाही" असे म्हणणारा एका दमात दोन गोष्टी बोलतो: देव आहे असे मला वाटत नाही, आणि मी त्याचा मान ठेवत नाही. पहिलीचे घरात कोणाला सोयरसुतक नसते. भांडण दुसरीवरून होते. आरतीच्या वेळी मुलगा खोलीतून बाहेर आला, ताम्हनापुढे हात केला, प्रसाद घेतला, की त्याच्या डोक्यात काय चालले आहे याची चौकशी आई करत नाही. आपल्याकडे देवस्थानाला 'जागृत' म्हणतात, 'कडक' म्हणतात, 'नवसाला पावणारे' म्हणतात. ते 'खरे' आहे असे सांगायची वेळ क्वचितच येते.

तरीही रेघ ओढली गेलीच. व्याकरणकारांनी ओढली, स्मृतिकारांनी ओढली, सुधारकांनी, न्यायाधीशांनी, शिरगणती करणाऱ्यांनी ओढली. प्रत्येकाची जागा वेगळी आहे, आणि रेघ ओढणाऱ्याला तिचे काय काम होते हे पाहिल्याशिवाय ती तिथेच का ओढली हे कळत नाही.

सुरुवात शब्दांपासून. आस्तिक आणि नास्तिक हे शब्द जुन्या संस्कृतात ईश्वराच्या हजेरीपटासाठी घडलेले नाहीत. पाणिनीने एका सूत्रात ते साधून दाखवले आणि टीकाकारांनी त्यांचा संबंध परलोकाशी जोडला. मेल्यानंतर पुढे काही आहे असे ज्याचे मत, तो आस्तिक. मनुस्मृतीने रेघ सरकवली आणि वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. या सरकवण्याने मोठ्या गमती झाल्या. कुमारिल भट्टासारखा मीमांसक जगाचा कर्ता कोणी ईश्वर आहे हे साफ नाकारतो, पण वेदाचे अक्षर ढळू देत नाही, म्हणून तो आस्तिकांचा अग्रणी. सांख्यांच्या मूळ कारिकांत ईश्वराला जागाच नाही, तरी तेही आस्तिक. उलट पुनर्जन्म, कर्म, मोक्ष सगळे मानणारा आणि मुंगीही पायाखाली येऊ न देणारा जैन मुनी मात्र नास्तिक! आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी हा हिशेब मुकाट्याने फिरवला. त्यांच्या 'षड्दर्शनसमुच्चया'त बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय हे सगळे आस्तिकांच्या पंक्तीला बसले आहेत आणि बाहेर राहिला आहे एकटा लोकायत. रेघ कोण ओढतो यावर पंगत ठरते, ती अशी.

चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'ने चार्वाकाला नास्तिकशिरोमणी म्हटले. साताऱ्याच्या डॉ. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले 'आस्तिकशिरोमणी चार्वाक'. हे नाव केवळ चमकदार आहे असे मला वाटत नाही. या जगाला 'आहे' म्हणणारा तो आस्तिक, असा त्या शब्दाचा अर्थ लावता येतो. मग डोळ्यांपुढचे जग मिथ्या ठरवणाऱ्यांनाच आपली बाजू मांडावी लागेल.

आज 'नास्तिक' म्हटले की मराठी माणसाला ईश्वर न मानणाराच आठवतो. हा अर्थ पक्का होण्यात एकोणिसाव्या शतकाचा, मिशनऱ्यांशी झालेल्या वादांचा आणि इंग्रजी शिक्षणाचा हात मोठा आहे. ख्रिस्ती उपासनेत आपण काय काय मानतो याचे कलमवार निवेदन मोठ्याने म्हणायचे असते. तिथे श्रद्धा हे विधान असते, म्हणून ते नाकारणे हेही विधान ठरते. टॉमस हक्सलीला 1869 मध्ये 'अॅग्नॉस्टिक' हा नवा शब्द घडवावा लागला, तो याच चौकटीत. "आहे" आणि "नाही" यांच्यामध्ये "कळायला मार्ग नाही" अशी तिसरी खुर्ची त्याला हवी होती.

ती खुर्ची पुण्यात आणली गोपाळ गणेश आगरकरांनी. मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेल्या आगरकरांची भूमिका अज्ञेयवादाची होती. नीतीला ईश्वराचा टेकू लागत नाही हे ते 1888 मध्ये सुरू केलेल्या 'सुधारका'तून सांगत राहिले. पण पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती त्यांच्या अज्ञेयवादामुळे, असे मला वाटत नाही. विधवांचे केशवपन, मुलींच्या लग्नाचे वय, सोवळेओवळे यांवर ते बोलले, आणि 'पाळणे' या क्रियापदाला हात घातल्याबरोबर तिरडी बांधली गेली. ईश्वराच्या अस्तित्वावर नुसते निबंध लिहीत बसले असते, तर त्या काळच्या पुण्याने त्यांना विद्वान म्हणून शालजोडी दिली असती.

जोतीराव फुल्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते निर्मिकाला मानत. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' निर्मिकाच्या उल्लेखांनी भरलेले आहे. विश्वाचा कर्ता आहे आणि तो सर्वांचा आहे, हे त्यांनी कुमारिलापेक्षा कितीतरी स्पष्ट सांगितले. मात्र निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, म्हणून सत्यशोधकांनी पुरोहिताविना लग्ने लावली. झाले! ईश्वर मानणारा हा माणूस धर्मबुडवा ठरला आणि ईश्वर नाकारणारे मीमांसक धर्माचे खांब राहिले.

संतांकडे यायचे तर तुकोबांचे नाव टाळता येत नाही. देव आपल्यापुरता मेला, अशा अर्थाचा त्यांचा अभंग आहे. आस्तिक-नास्तिकाचे कोष्टक तिथे तुटून पडते. असे रागाने बोलायला समोर कोणीतरी असावे लागते, आणि ते कोणीतरी उत्तर देत नाही म्हणूनच राग येतो. वारकऱ्याला यात अडचण वाटत नाही. अडचण होते ती आम्हा वर्गीकरण करणाऱ्यांची.

विसाव्या शतकातला सर्वांत मोठा प्रयोग नागपूरला झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिल्या काही प्रतिज्ञा नकाराच्या आहेत: ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, राम-कृष्णांना मानणार नाही, गौरी-गणपतीला मानणार नाही, आणि त्यांची उपासना करणार नाही. इथे मत आणि मान हे दोन्ही वेगवेगळे उच्चारून नाकारले आहेत. 'मानणे' या शब्दाची लबाडी बाबासाहेबांनी नेमकी ओळखली होती. त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्म काय नाही हे सांगताना ईश्वरावरचा आणि आत्म्यावरचा विश्वास बाजूला काढला आहे. म्हणजे धर्म घ्यायचा, पण ईश्वराविना. पाश्चात्त्य कोष्टकात अशा माणसाला कोणत्या रकान्यात घालणार?

2011 च्या जनगणनेत भारतातले बौद्ध सुमारे 84 लाख होते आणि त्यांतले 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये भारतातल्या जवळपास तीस हजार प्रौढांशी बोलून 2021 मध्ये अहवाल काढला. त्यात 97 टक्के भारतीयांनी देव मानतो असे सांगितले, आणि बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांशांनी मानत नसल्याचे सांगितले. देशातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रातले असल्यामुळे हा आकडा बराचसा आपल्याच गावांचा आणि वस्त्यांचा आहे. इतर धर्मांत जो नकार धर्मापासून लांब जाणे समजला जातो, तो इथे धर्माच्या अधिक जवळ नेतो. उरलेल्या दोन तृतीयांशांवर टीका करायचे मला धाडस होत नाही. दीक्षाभूमीवर दसऱ्याला दोन दिवसांचा प्रवास करून आलेली म्हातारी बुद्धाच्या मूर्तीपुढे डोके टेकते, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढेही टेकते, तिला "हे मानणे की आदर?" असे विचारणे अडाणीपणाचे होईल. तिच्यापुरता तो प्रश्न 1956 मध्येच सुटला आहे.

त्याच अहवालातली एक गोष्ट मला फार आवडते: कर्मसिद्धांत मानणाऱ्यांचे प्रमाण हिंदूंत 77 टक्के आणि मुसलमानांतही तेवढेच. 'मानता का?' असे विचारले की माणूस धर्मग्रंथात डोकावत नाही. शेजारीपाजारी ज्या भाषेत दुःखाचा अर्थ लावतात, त्या भाषेत तो उत्तर देतो.

आता कायद्याकडे. इथे रेघ शाईने ओढतात, म्हणून ती अधिक खरी वाटते. 1872 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, यहुदी यांपैकी कोणताच धर्म मानत नाही असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. ब्राह्मो समाजाच्या मागणीतून आलेल्या त्या कायद्याने जातीबाहेर लग्न करणाऱ्या सश्रद्धांनाही कागदावर अश्रद्ध केले. प्रेमापोटी निधर्मी झालेल्या अशा जोडप्यांची गणना करायला हवी होती. 1954 च्या कायद्याने ही अट पूर्णपणे काढली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने तर दुसरे टोक गाठले. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो कायदा लागू होतो. त्यामुळे हिंदू घरात जन्मलेला कट्टर निरीश्वरवादी लग्न, वारसा आणि दत्तक यांच्यापुरता हिंदूच राहतो. देव नाकारून त्याला कायद्याच्या दारातून बाहेर पडता येत नाही.

याचे तात्त्विक समर्थन सापडते 1966 मधल्या स्वामिनारायण सत्संगींच्या खटल्याच्या निकालपत्रात. हिंदू म्हणजे कोण, या प्रश्नावर सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. वेदांचे प्रामाण्य, साधनांची विविधता आणि उपास्याबद्दल नियम नसणे, असे त्या व्याख्येचे तीन पाय आहेत. ईश्वर आहे असे मानले पाहिजे, हा चौथा पाय तिला नाही. मनूने ओढलेली रेघ अशी साताऱ्याच्या एका मराठी न्यायमूर्तींच्या हातून सर्वोच्च न्यायालयात पोचली. खरे तर टिळकांची व्याख्या काटेकोर लावली, तर वेदप्रामाण्य न मानणारे कित्येक वारकरी, लिंगायत आणि महानुभाव कुठे जातील हा प्रश्न पडतो. न्यायालयांनी तो ताणून धरला नाही, हे त्यांचे शहाणपण.

जन्माने मुसलमान असलेल्यांना ही सैल गाठ मिळत नाही. केरळमधल्या एका स्त्रीने 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला: आपण धर्म मानत नाही, तेव्हा वारशासाठी शरियतऐवजी भारतीय उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू व्हावा. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देणारा नियम तिला आणि तिच्या लेकीला नको होता. अश्रद्धेची किंमत इथे एकरांत मोजता येते.

संविधान सभेतही रेघेवर मतदान झाले. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामथांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. 41 विरुद्ध 68 मतांनी ती पडली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू सभासदही होते. देवाचे नाव मतदानाला टाकावे हेच त्यांना खटकले. शपथेच्या नमुन्यात मात्र दोन्ही वाटा ठेवल्या गेल्या, 'ईश्वरसाक्ष' आणि 'गांभीर्यपूर्वक'. ही सोय फुकट मिळालेली नाही. इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवाद्याला 1880 मध्ये निवडून येऊनही 1886 पर्यंत पार्लमेंटात रीतसर बसता आले नाही, आणि शपथेचा कायदा बदलला 1888 मध्ये. पुढच्याच वर्षी हा ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला पाहुणा म्हणून आला आणि देवधर्म करणाऱ्या प्रतिनिधींनी त्याचे जंगी स्वागत केले.

आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते आणि मग धर्म आचरण्याचे. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा सरळ अर्थ लावला: आपल्याला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कोणतेही सरकारी कार्यालय धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, शाळेतल्या प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या नाशिककडच्या एका शिक्षकाच्या बाजूने याच न्यायालयाने निकाल दिला होता. हात जोडणे! सगळा वाद अखेर तिथेच येऊन थांबतो. प्रार्थनेला ते उभे राहत होते, शिस्त मोडत नव्हते. फक्त दोन तळवे एकमेकांना लागत नव्हते.

जनगणनेचा कारभार याहून मजेदार आहे. 2011 मध्ये 28 लाखांहून अधिक लोकांचा धर्म 'सांगितला नाही' या रकान्यात गेला. स्वतःला निरीश्वरवादी म्हणवणारे देशभरात 33 हजारांच्या आसपास निघाले, त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. या मंडळींचा आकडा तक्त्यात कुठे छापला आहे? 'इतर धर्म आणि पंथ' यांच्या परिशिष्टात, सरना आणि गोंड यांच्या सोबतीने. याच्या शेजारी इंग्लंड आणि वेल्सचा आकडा ठेवून पाहा: 2021 मध्ये तिथल्या 37 टक्के लोकांनी 'धर्म नाही' या चौकटीत खूण केली. पण आपले 33 हजार आणि त्यांचे 37 टक्के यांची तुलना फसवी ठरेल. आपल्याकडे प्रगणक दारात उभा असतो, उत्तर घरचा कर्ता देतो, आणि आडनाव ऐकल्यावर धर्माचा प्रश्न बहुधा विचारलाही जात नाही.

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत प्रामाणिक बोलणे झाले ते विवेकजागराच्या कार्यक्रमांत, डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यामध्ये. लागूंचे म्हणणे रोखठोक होते: परमेश्वराला रिटायर करा. शेजारी बसलेले दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. दोघेही अश्रद्ध, पण एकाची रेघ सत्याची होती आणि दुसऱ्याची इजेची. लागूंचा तर्क मला अधिक स्वच्छ वाटतो. दाभोलकरांची रेघ मात्र गावात जाऊन बसू शकते. मुलाच्या अंगावर चटके देणाऱ्या भगताला थांबवायला देव नसल्याचे सिद्ध करत बसायची गरज नसते.

दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि जो कायदा कित्येक वर्षे विधिमंडळात रखडला होता तो चार दिवसांत अध्यादेश म्हणून आला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याचे अपवादाचे कलम वाचण्यासारखे आहे. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही. होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगायलाही मोकळीक आहे. जिवंत माणसाने चमत्काराच्या नावाखाली फसवले तर मात्र गुन्हा. चमत्कार खरा की खोटा यात कायदा पडलेला नाही. तो करणारा हयात आहे का, एवढे तो विचारतो. वाचताना हसू येते, पण मराठी समाजाला पेलेल अशी रेघ बहुधा एवढीच होती.

सेवाग्रामची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा आपल्या मुलीचे जातीबाहेरचे लग्न गांधीजींच्या आश्रमात लावणार होते. विधीत ईश्वराचे नाव कसे घ्यायचे? गांधीजी 'ईश्वर म्हणजे सत्य' या वाक्यावरून 'सत्य म्हणजे ईश्वर' या वाक्यावर आधीच आले होते, आणि त्यामागे निरीश्वरवाद्यांनाही मांडवात घेण्याचा विचार होता. ईश्वराच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने लग्न लावायला त्यांनी होकार दिला. गांधीजींचा खून झाला, आणि काही आठवड्यांनी त्यांच्यावाचून ते लग्न लागले.

लग्नात तडजोड होते, मर्तिकात होत नाही. 'मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव' या निबंधात माणसाच्या सुखदुःखाशी विश्वाच्या देवाला देणेघेणे नाही असे सांगणाऱ्या सावरकरांनी हिंदूची व्याख्या केली ती पितृभू आणि पुण्यभूवरून. देव मानण्याची अट तिच्यातही नाही. 1966 मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन विद्युतदाहिनीत झाले. श्राद्धपक्ष करू नये असे त्यांनी सांगून ठेवले होते. मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या हमीद दलवाईंनी 1977 मध्ये धार्मिक विधीविना दहन करून घेतले. राजकारणाने एकमेकांपासून इतके लांबचे हे दोन मराठी लेखक. एकाने हिंदू म्हणवून घेणे सोडले नाही, दुसऱ्याने मुसलमान म्हणवून घेणे सोडले नाही, आणि दोघांनीही आपापल्या समाजाचा शेवटचा विधी नाकारला. मान मोडला, नाते ठेवले.

हे नामवंतांना जमले, कारण ऐकणारी माणसे मागे होती. आता शहरांत देहदानाचे अर्ज भरणारे पुष्कळ आहेत. अर्जावर सही आपली असते. देह वैद्यकीय महाविद्यालयात पोचवायचा की नाही हे त्या रात्री घरचे ठरवतात. अनेकदा पोचवतातही. दिवंगतांची इच्छा मोडत नाहीत, ताटीही बांधत नाहीत. रुग्णवाहिका गेली, भेटायला आलेली माणसे पांगली, की तीच मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन, आवाज खाली करून विचारते, "मग दहाव्याचं काय करायचं ठरलंय?"